कोणाचा भाव स्थिर ठेवायचा?

(कचारगडच्या परिसरातील अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रुपयाचा विचार मुंबईत व्हावयाचा आणि कचारगडला केवळ पारी कुपार लिंगोचा, अशी एक वाटणी सुशिक्षितांच्या मनात पक्की बसलेली आहे. वस्तुस्थिती या वाटणीला जुमानीत नाही. माघ पौर्णिमेला येथल्या गुहेकडे लोटणाऱ्या गोंड यात्रेला १९८० च्या दशकात जे नवे चैतन्य लाभले, त्यात डॉ. मोतीरावण कंगाली यांचा वाटा मोठा होता. आणि गोंडी भाषेचा व कोया पुनेमचा हा अभ्यासक पोटासाठी नोकरी करीत होता ती रिझर्व्ह बँकेत. त्याही आधी, १९५४ साली, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाचे कर्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते भंडारा मतदारसंघातून. हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. त्या द्विसदस्य मतदारसंघातील सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव झाला. चलनाच्या प्रश्नाचा एवढा मोठा जाणकार लोकसभेत जाऊ शकला नाही, याचे शल्य समाजवाद्यांनाही वाटावयास हवे. तेव्हा हा विषय या मातीला परका नाही.

विषय असा की, ज्या अर्थव्यवस्थेला आपल्या मालाचा भाव स्वतः ठरविता येत नाही, तिने आपल्या चलनाचा कारभार कोणत्या नियमाने चालवावा?

अर्थशास्त्रात अशा अर्थव्यवस्थेला ‘लहान व खुली’ म्हणतात. हे लहानपण क्षेत्रफळाचे नव्हे, लोकसंख्येचेही नव्हे. बाहेरच्या बाजारात जो भाव निघेल तो मुकाट्याने स्वीकारावा लागणे, हे ते लहानपण. लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करणारा भारत तेलाच्या बाबतीत लहानच आहे. तांदळाच्या बाबतीत मात्र तो जगातील सर्वांत मोठा निर्यातदार. त्याने दार लावले की जगाचा भाव हलतो. एकच देश एका मालात लहान आणि दुसऱ्यात मोठा असू शकतो, ही गुंतागुंत पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

दरेकसा-सालेकसा हा पट्टा मात्र सर्वार्थाने लहान आणि सर्वार्थाने खुला आहे. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला, आणि तेव्हापासून येथल्या धानाचा भाव येथे ठरेनासा झाला. आज धान गोंदियाच्या गिरण्यांकडे जाते, तेंदूपत्ता विडीच्या कारखान्यांकडे, मोहफुले व्यापाऱ्याकडे. येते ते डिझेल, युरिया, कापड, तेल-मीठ. मध्य भारतातील आदिवासी बाजारांत मोहफुले घालून मीठ घेण्याची रीत दीर्घकाळ होती. किती मोहाला किती मीठ, या हिशेबालाच अर्थशास्त्र व्यापारशर्ती म्हणते. पुढे पैसा आला आणि हिशेब रुपयांत होऊ लागला. मोह आणि मीठ यांच्यामध्ये एक तिसरी वस्तू येऊन बसली, आणि त्या तिसऱ्या वस्तूचे मोल सांभाळण्याचा अधिकार ना मोहवाल्याकडे राहिला ना मीठवाल्याकडे.

देशापुढे तीन इच्छा असतात. विनिमय दर स्थिर राहावा, भांडवलाला ये-जा करण्याची मोकळीक असावी, आणि व्याजाचा दर स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरविता यावा. रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग यांच्या १९६० च्या दशकातील मांडणीतून निष्पन्न झाले ते असे की, तिन्ही इच्छा एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. कोणत्याही दोन घ्याव्यात व तिसरीवर पाणी सोडावे. हाँगकाँगने १९८३ पासून अमेरिकन डॉलरशी आपले नाणे ७.८० च्या आसपास बांधून ठेवले आणि व्याजाचा दर अमेरिकेच्या हवाली केला. सिंगापूर १९८१ पासून व्याजदराऐवजी विनिमय दरालाच हत्यार मानून चालते. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने भाववाढीचे लक्ष्य हाच नियम केला आणि विनिमय दर मोकळा सोडला. शेजारच्या नेपाळने १९९३ पासून आपला रुपया भारतीय रुपयाशी १.६० या प्रमाणात जखडलेला आहे; म्हणजे काठमांडूचा चलनविषयक नियम बव्हंशी मुंबईत ठरतो. गोंदिया जिल्ह्याची गतही तीच, फरक इतकाच की नेपाळला हे प्रमाण बदलण्याचा अधिकार निदान कागदावर आहे.

नियमच कशाला हवा, गव्हर्नरच्या शहाणपणावर का सोडू नये, असा प्रश्न विचारला जातो. याचे सर्वांत करडे उत्तर आंबेडकरांनी १९२३ सालीच दिलेले आहे. १८९३ मध्ये सरकारी टांकसाळी चांदीच्या खुल्या टंकनास बंद झाल्या आणि रुपयाचा चांदीशी असलेला संबंध तुटला. पुढे जी व्यवस्था रुळली ती सुवर्ण विनिमय पद्धती. केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिची भलामण केली. आंबेडकरांनी तिला विरोध केला, कारण या पद्धतीत रुपये किती पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहत होते, आणि परदेशातील हुंडीचा दर टिकला म्हणजे देशातील रुपयाची खरेदीशक्ती टिकली असे होत नव्हते. त्यांच्या विवेचनातील दुसरा मुद्दा समाजवाद्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. चांदी उतरत होती, रुपया घसरत होता आणि निर्यातदार खूश होते. हा देशाचा लाभ आहे, असे मोठमोठे लोक सांगत. आंबेडकरांनी विचारले की हा लाभ आला कोठून? भाव चढतात तेव्हा मजुरी त्यांच्यामागून रखडत चढते. त्या मधल्या अंतरातून मालकाच्या पदरी जे पडते त्यालाच राष्ट्राचा लाभ म्हटले जात होते. चलनाचा नियम हा वाटपाचा नियम असतो, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे मांडणारे भारतीय लेखन त्याआधी फार थोडे झाले असेल.

पुढे हिल्टन यंग आयोग आला. त्याच्यापुढे १९२५ मध्ये आंबेडकरांची साक्ष झाली. आयोगाने एका रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स हा दर सुचविला आणि १९२७ च्या कायद्याने तो पक्का झाला. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून एक शिलिंग चार पेन्सचा आग्रह धरला होता. त्या दोन पेन्सांवरून देशात केवढे रण माजले होते! पण खरी परीक्षा झाली ती जागतिक मंदीत. शेतमालाचे भाव कोसळले. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाला त्याची झळ फार लागली. सारा आणि सावकाराचे व्याज रुपयांत ठरलेले, ते कमी होईना. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोन्याला सोडचिठ्ठी दिल्यावरही रुपया पौंडाला त्याच दराने बांधलेला राहिला, आणि खेड्यापाड्यांतील बायकांच्या अंगावरचे सोने जहाजांत भरून बाहेर गेले. नियम मोडला नव्हता. उलट तो तंतोतंत पाळला गेला होता. हुंडीचा दर स्थिर राहिला आणि शेतकरी बुडाला.

रिझर्व्ह बँकेचा १९३४ चा कायदा झाला तेव्हा त्याच्या प्रास्ताविकात एक कबुली होती. जगातील चलनव्यवस्था विस्कटलेली असल्यामुळे भारताच्या चलनाचा कायमचा पाया आज ठरविता येत नाही, सबब ही तात्पुरती तरतूद, अशा आशयाची ती वाक्ये होती. ती तात्पुरती तरतूद २०१६ पर्यंत चालली. मधल्या काळात १९४९ आणि १९६६ ची अवमूल्यने झाली, १९७५ मध्ये रुपया अनेक चलनांच्या टोपलीशी जोडला गेला, १९९१ चे संकट आले, १९९३ पासून दर बाजाराच्या हाती बराचसा गेला. सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये पैशाच्या पुरवठ्याला लक्ष्य मानावे व भाववाढ सालाला ४ टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे, असा सल्ला दिला होता. चक्रवर्ती हे नियोजनाच्या परंपरेतील अर्थशास्त्रज्ञ. ४ हा आकडा नवउदारवाद्यांनी शोधून काढला असा जो समज काही मित्रांत आहे, तो म्हणून बरोबर नाही.

ऊर्जित पटेल समितीचा अहवाल जानेवारी २०१४ मध्ये आला आणि २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ग्राहक किंमत निर्देशांकाची वाढ ४ टक्के, खाली-वर २ टक्क्यांची मुभा. निर्णय सहा जणांच्या समितीकडे, तीन बँकेचे व तीन सरकारने नेमलेले, समसमान मते पडल्यास गव्हर्नरचे निर्णायक मत. सरासरी भाववाढ सलग तीन तिमाह्या २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर गेली तर बँकेने सरकारला कारणे कळवावयाची. २०२१ मध्ये हेच लक्ष्य आणखी पाच वर्षांसाठी कायम करण्यात आले.

हा नियम कोणत्या भावाला जखडलेला आहे, याकडे आता वळले पाहिजे. ग्राहक जे विकत घेतो त्याच्या भावाला. ही निवड स्वयंसिद्ध नाही. जोर्डी गाली आणि टोमासो मोनाचेली यांनी २००५ साली लहान खुल्या अर्थव्यवस्थेच्या एका प्रतिमानात तीन नियमांची तुलना केली. देशात तयार होणाऱ्या मालाचा भाव सांभाळणारा नियम, आयात मालासकट ग्राहकाचा भाव सांभाळणारा नियम, आणि विनिमय दर बांधून ठेवणारा नियम. त्यांच्या हिशेबात पहिला सरस ठरला, दुसरा मध्यम, तिसरा सर्वांत खालचा. जेफ्री फ्रँकेल यांनीही गेली अनेक वर्षे असे प्रतिपादन केले आहे की, ज्या देशांच्या व्यापारशर्ती वारंवार हेलकावतात त्यांनी आपण जे पिकवितो त्याच्या भावावर नजर ठेवावी, आपण जे विकत घेतो त्याच्या नव्हे.

कारण साधे आहे. तेल महागले म्हणजे तेल घेणारा देश तेवढ्यापुरता गरीब होतो. ग्राहकाच्या भावाला जखडलेला नियम अशा वेळी सांगतो की व्याज वाढवा. आधीच गरीब झालेल्याला आणखी आवळा, असा त्याचा अर्थ. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर तेल, खाद्यतेल, खते सारेच भडकले. मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला आणि पुढील दोन वर्षे तेथेच राहिला. देशी मालाचा भाव सांभाळणारा नियम असता तर धक्क्याचा काही भाग रुपयाने घसरून सोसला असता. रुपया घसरला की डिझेल आणि खत आणखी महाग होतात, ही त्याची किंमत आहे आणि ती लपवू नये. परंतु ती सर्वांत विभागली जाते.

आता उलट बाजू. जगात तांदूळ महागतो तेव्हा तांदूळ पिकविणारा प्रदेश श्रीमंत व्हावयास हवा. २०२३ मध्ये तांदळाचा जागतिक भाव पंधरा वर्षांतील उच्चांकाला पोहोचला. त्याच वर्षी देशात पाऊस सरासरीच्या ९४ टक्के पडला आणि अन्नधान्याचे भाव चढले. व्याज वाढवून तांदूळ स्वस्त होत नाही, हे रिझर्व्ह बँकेतील प्रत्येकाला ठाऊक आहे. मग लक्ष्य राखावयाचे कसे? दिल्लीने दार लावले. तुकडा तांदळाची निर्यात सप्टेंबर २०२२ मध्येच बंद झाली होती. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची बंद झाली, ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के निर्यातशुल्क बसले. पांढऱ्या तांदळाची बंदी उठली ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी. हे हुकूम व्यापार खात्याचे, रिझर्व्ह बँकेचे नव्हेत, आणि लक्ष्य नसते तरी निवडणुकीच्या तोंडावर ते निघाले असते असे कोणी म्हणेल. खरे आहे. तथापि २०१६ मध्ये हा नियम झाला तेव्हाच्या निर्देशांकात अन्न व पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. निम्म्याजवळ अन्न असलेल्या निर्देशांकावर ज्या नियमाची मांडणी केली, त्याला बँकेच्या हातातील व्याजाचे हत्यार पुरत नाही. म्हणून निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा आणि शुल्क ही त्याची न लिहिलेली कलमे होऊन बसतात.

त्या कलमांचा खर्च कोण भरतो? सालेकसा, देवरी, आमगावकडचा धान उत्पादक. २०२३-२४ मध्ये साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. खरेदी केंद्र वेळेवर उघडले, बारदाना असला, नोंदणी झाली, तर तो मिळतो. नाही तर दिवाळीनंतरच्या गरजेपोटी धान व्यापाऱ्याला जाते. जगाचा भाव चढलेला असताना या व्यापाऱ्याने दोन पैसे अधिक द्यावयास हवे होते, पण त्याच्यापुढचे बंदर बंद. शिवाय गिरणीवाल्याच्या खेळत्या भांडवलावरील व्याज वाढलेले. ते तो आपल्या खिशातून देत नाही, धानाच्या भावातून कापून घेतो. म्हणजे पीककर्जावर सरकारी व्याजसवलत असल्यामुळे ज्या शेतकऱ्याला रेपो दर लागत नाही असे मानले जाते, त्याला तो मागील दाराने लागतोच. तेंदूपत्त्याच्या पुडक्याचीही तीच कथा. ठेकेदाराची बोली त्याच्या उधारीच्या खर्चावर ठरते, आणि उन्हात पाने तोडणाऱ्या बाईला मुंबईतील त्या समितीचे नावही माहीत नसते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो घरचाच आहे. समाजवाद्यांनी महागाईविरुद्ध लढे दिले. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकारी महिलांनी १९७२ पासून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली लाटणे मोर्चे काढले, ते काय चुकीचे होते? मुळीच नाही. भाववाढ हा गरिबावरचा सर्वांत क्रूर कर आहे. भूमिहीन मजुराला तांदूळ महागला तर लाभ नाही, उपास आहे. इतकेच काय, या पट्ट्यातील एकच कुटुंब डिसेंबरात धान विकते आणि जुलैत तांदूळ विकत घेते. डिसेंबरचा भाव त्याला पडलेला मिळतो, जुलैचा चढलेला. गाली-मोनाचेलींच्या प्रतिमानात एकच प्रातिनिधिक कुटुंब असते, वर्षभर सारखे, उधारीला कधी न अडणारे. तसे घर या डोंगराच्या पायथ्याशी शोधून सापडावयाचे नाही. म्हणून त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलण्याचेही कारण नाही.

पण लाटणे मोर्च्यांनी काय मागितले होते ते आठवावे. रेशन दुकानात धान्य, तेल, रॉकेल वाजवी दराने मिळावे, साठेबाजाला पकडावे. बँकेचे व्याज वाढवा अशी मागणी एकाही बाईने केल्याचे ऐकिवात नाही. अन्नाच्या भावाचे स्थैर्य हे सरकारी खरेदी, धान्यसाठा आणि शिधावाटप यांचे काम आहे. पिकविणाऱ्याला डिसेंबरात भाव द्यावयाचा आणि खाणाऱ्याला जुलैत धान्य द्यावयाचे, यांतील अंतर तिजोरीने भरावयाचे. ते काम टाळण्यासाठी चलननीतीचा आडोसा घेतला जातो, आणि तिच्याकडून ते होत नाही म्हणून निर्यात बंद होते.

दुसऱ्या टोकाचा उपाय २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने सुचविला होता: लक्ष्यातून अन्नच वगळून टाकावे. हा उपाय दिसतो तितका निरुपद्रवी नाही. अन्न वगळलेला भाव स्थिर राहिला की सारे आलबेल, असे जाहीर करणारी मध्यवर्ती बँक मजुराच्या ताटाकडे पाहण्याच्या बंधनातूनच मोकळी होते. मजुरी ठरते ती त्या ताटावरून.

यापेक्षा अधिक विचारार्ह सूचना प्रांजुल भंडारी आणि फ्रँकेल यांची आहे. देशाच्या एकूण पैशातील उत्पन्नाची वाढ, म्हणजे उत्पादनाची वाढ अधिक भावाची वाढ, हेच लक्ष्य मानावे, असे त्यांनी भारताचेच उदाहरण घेऊन मांडले. पाऊस चुकला, उत्पादन घटले आणि भाव चढले, तर दोहोंची बेरीज फारशी हलत नाही. मग बँकेला दुष्काळात व्याज वाढविण्याचे कारण उरत नाही. दुष्काळाचा भार अर्धा भावावर, अर्धा उत्पादनावर पडतो. शेतीवर जगणाऱ्या देशाला हा नियम अधिक मानवणारा आहे. अडचण आकड्यांची आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचे तिमाही आकडे दोन महिने उशिरा येतात, मागाहून बदलतात, आणि असंघटित क्षेत्राचा अंदाज दीर्घकाळ बव्हंशी संघटित क्षेत्रावरून बांधला जात आला. मोहफुले वेचणाऱ्या बाईचे उत्पन्न त्यात कितपत उतरते हे सांगावयास नको. तेव्हा वर्षाचा कौल पैशातील उत्पन्नाचा, महिन्याची देखरेख ग्राहकाच्या भावाची, आणि बाहेरचा धक्का आला तर रुपयाला हलू द्यावयाचे, अशी मिश्र व्यवस्था आजच्या स्थितीत पत्करण्याजोगी आहे. तांदूळ जगात महागला तर रुपया थोडा वधारू द्यावा: तेल, खत तेवढे स्वस्त होतील, देशातील तांदळाचा भावही काहीसा सौम्य होईल, आणि बंदराचे दार लावावे लागणार नाही.

हे मान्य होवो न होवो, ते ठरविण्याची रीत तरी बदलली पाहिजे. लक्ष्य ठरते ते सरकार आणि बँक यांच्या विचारविनिमयाने, राजपत्रातील अधिसूचनेने. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या लक्ष्य चुकले, ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली, सरकारला कारणांचे पत्र गेले. ते पत्र जनतेपुढे ठेवण्यात आले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने चर्चापत्र काढून सूचना मागविल्या. त्यातील प्रश्न होते ते अन्न-इंधनासह निर्देशांक ठेवावा की त्यांच्याविना, ४ टक्के योग्य की नाही, पट्टा रुंद असावा की अरुंद, लक्ष्याचा नेमका आकडा ठेवावा की नुसता पट्टा. ग्राहकाऐवजी उत्पादकाच्या भावाकडे पाहावे काय, हा प्रश्न त्यांत नव्हता. परक्या सरकारच्या आयोगाने १९२५ मध्ये साक्षी नोंदविल्या होत्या, आणि त्यांत चौतीस वर्षांच्या आंबेडकरांना बोलावून त्यांची उलटतपासणीही केली होती. पुढच्या वेळी लक्ष्य ठरेल तेव्हा संसदेच्या समितीने अशाच साक्षी घ्याव्यात, त्या छापाव्यात, आणि एक बैठक गोंदियाला, धानाच्या हंगामात, खरेदी केंद्रे उघडण्याच्या सुमारास ठेवावी.